मेक्सिकोतला हायब्रिड पिकअप अमेरिकेत का नेता येत नाही? कस्टमपासून सर्व्हरपर्यंत, सोप्या भाषेत

यूट्यूबवर गाड्यांचे व्हिडिओ बघत असाल तर हा ट्रक तुमच्या फीडमध्ये एकदा तरी आला असेल: बीवायडी शार्क. चिनी कंपनीचा प्लग-इन हायब्रिड पिकअप, मे २०२४ मध्ये मेक्सिको सिटीत लाँच झाला. त्या व्हिडिओंखाली अमेरिकेतल्या लोकांचा एक प्रश्न हमखास दिसतो. मेक्सिकोची सीमा तर इथे शेजारीच आहे, मग तिकडे घेऊन इकडे चालवत आणला तर?

माझ्या कॉलेजचा एक मित्र सॅन डिएगोत नोकरी करतो. त्याच्या घरापासून तिहुआना अर्ध्या तासाच्या आत. त्यानेही मला हेच विचारलं. मी पुण्यात गाड्यांच्या टेलिमॅटिक्स युनिटचं, म्हणजे गाडीतल्या इंटरनेटवाल्या डब्याचं, सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून त्याला वाटलं मला माहीत असेल. कस्टमचे नियम मला मुळापासून वाचावे लागले. पण वाचता वाचता लक्षात आलं, की या ट्रकची खरी अडचण जकात नाक्यावर जितकी आहे तितकीच त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. दुबईहून फोन मागवणाऱ्या, परदेशातून ड्रोन आणायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला ती समजायला हवी. तर एकेक पायरी बघू.

आधी ट्रक काय आहे ते बघू

शार्कमध्ये १.५ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे आणि दोन इलेक्ट्रिक मोटर. सगळं मिळून ४३० हॉर्सपॉवरच्या वर ताकद. बॅटरी २९.५८ किलोवॅट-तासांची. कंपनीच्या दाव्यानुसार नुसत्या विजेवर १०० किलोमीटर आणि पेट्रोल धरून एकूण ८४० किलोमीटर. इंजिन बऱ्याच वेळा जनरेटरचं काम करतं, चाकं फिरवायचं मुख्य काम मोटर करतात. घरी रात्री चार्जिंगला लावा, रोजचं येणंजाणं विजेवर करा, लांबच्या प्रवासाला पेट्रोल आहेच. वर ट्रकमधून ६.६ किलोवॅटपर्यंत वीज बाहेरही काढता येते, म्हणजे साइटवर ड्रिल मशीन किंवा कॅम्पिंगला इंडक्शन चालेल.

लाँचच्या वेळी सुरुवातीची किंमत होती ८,९९,९८० पेसो. तेव्हाच्या दराने साधारण ५३ हजार डॉलर, आपल्याकडचे ४५ लाखांच्या आसपास. त्या वेळी अमेरिकेच्या शोरूममध्ये प्लग लावून चार्ज करता येणारा एकही हायब्रिड पिकअप नव्हता. फोर्ड आणि टोयोटाचे हायब्रिड पिकअप होते, पण त्यांना प्लग नाही. पिकअपसाठी वेडा असलेला देश, आणि हवा तो पिकअप कुंपणापलीकडे. प्रश्न पडणारच.

"मेक्सिकोत घेतला म्हणजे मेक्सिकोचा ट्रक" हा पहिला गैरसमज

मित्राचं गणित असं होतं: अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्यात मुक्त व्यापार करार आहे, मग ड्युटी कशाला लागेल?

करार आहे, पण तो वस्तू कुठे विकली हे बघत नाही, कुठे बनली ते बघतो. या करारात बिनड्युटी जायचं असेल तर गाडीच्या मूल्याचा मोठा भाग, साधारण ७५ टक्के, त्या तीन देशांत तयार झालेला लागतो. शार्क चीनमध्ये बनतो आणि जहाजाने मेक्सिकोत येतो. त्यामुळे कस्टमच्या लेखी तो चिनी ट्रकच.

आणि ट्रक म्हटलं की अमेरिकेत एक जुना कर आडवा येतो. त्याचं लाडकं नाव आहे 'चिकन टॅक्स'. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने स्वस्त अमेरिकन कोंबडीवर कर वाढवला. उत्तर म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये बटाट्याचं स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के कर लावला. कोंबडीचं भांडण केव्हाच मिटलं, बाकीच्या वस्तूंवरचे करही गेले, पण ट्रकवरचा २५ टक्के तसाच राहिला. साध्या कारवर २.५ टक्के ड्युटी होती त्या काळातही ट्रकवर दहा पट होती.

हा कर चुकवायला मोठमोठ्या कंपन्यांनी युक्त्या केल्या. फोर्डने तुर्कस्तानातून ट्रान्झिट कनेक्ट नावाची व्हॅन आणताना तिला मागच्या सीटा आणि खिडक्या लावून 'प्रवासी गाडी' म्हणून आणली, आणि बंदरावर उतरल्यावर सीटा काढून मालवाहू व्हॅन म्हणून विकली. ते प्रकरण वर्षानुवर्षं चाललं आणि २०२४ मध्ये फोर्डने ३६.५ कोटी डॉलर भरून मिटवलं. फोर्डच्या वकिलांना जे जमलं नाही ते आपल्याला नाक्यावर उभं राहून जमेल, हे विसरा.

५३ हजार डॉलरवर नुसता २५ टक्के म्हणजे सव्वातेरा हजार डॉलर. आणि हा फक्त पहिला थर. २०२४ मध्ये अमेरिकेने चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवरचं शुल्क १०० टक्क्यांवर नेलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या कार व हलक्या ट्रकवर आणखी २५ टक्क्यांची घोषणा अमलात आणली.

कर भरायची तयारी असली तरी?

इथे बहुतेक जण चकतात. त्यांना वाटतं, पैसे भरले की गाडी आपली. पण ड्युटी भरणं म्हणजे परवानगी मिळणं नाही. ड्युटी एक खातं घेतं, गाडी रस्त्यावर यावी की नाही हे दुसरं खातं ठरवतं.

अमेरिकेत रस्तासुरक्षेचं काम राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन बघतं, इंग्रजी आद्याक्षरांनी 'नित्सा'. त्यांची सुरक्षा मानकं आहेत: दिवे कसे, काचा कशा, ब्रेक किती, धडकेत एअरबॅगने काय करायचं, बॅटरीतून शॉक लागू नये म्हणून काय हवं. गाडी बनवणारी कंपनी स्वतः लिहून देते की ही गाडी सगळी मानकं पाळते, आणि तसं लेबल ड्रायव्हरच्या दाराजवळ चिकटवते.

आपल्याकडची पद्धत वेगळी आहे. पुण्यात वेताळ टेकडीला बरेच जण 'एआरएआय टेकडी' म्हणतात, कारण तिथे एआरएआय ही वाहनचाचणी संस्था आहे. भारतात मॉडेल विकण्याआधी अशा संस्थेकडून ते तपासून मंजूर करून घ्यावं लागतं. अमेरिकेत आधी मंजुरी नसते, कंपनीचं लेबल हीच हमी, आणि लेबल खोटं निघालं तर कंपनी अडकते. म्हणजे अमेरिकेत त्या छोट्या स्टिकरला प्रचंड किंमत आहे. ते फक्त मूळ उत्पादकच लावू शकतो. बीवायडीने शार्क अमेरिकेसाठी बनवलेलाच नाही, त्यामुळे त्यावर ते लेबल नाही. विषय संपला.

"पण ट्रक तर सुरक्षित आहे ना?" असेलही. मुद्दा चांगला-वाईट हा नाही, वेगळा असण्याचा आहे. एक उदाहरण देतो. अमेरिकन मानक म्हणतं, सीटबेल्ट न लावलेला प्रवासीसुद्धा धडकेत ठरावीक मर्यादेपर्यंत वाचला पाहिजे. युरोपातल्या चाचण्या बेल्ट लावलाय असं धरून चालतात. म्हणून एअरबॅग कधी आणि किती जोरात फुगवायची याचं ट्युनिंगच बदलतं. स्पीडोमीटर किलोमीटरवरून मैलांवर नेणं म्हणजे सेटिंगमधला एक टॅप. एअरबॅगचं कॅलिब्रेशन बदलायचं तर गाड्या आपटून बघाव्या लागतात.

आता हायब्रिडची गंमत. हायब्रिड म्हणजे इंजिन आलं, इंजिन आलं की धूर आला, आणि धूर आला की पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, वेगळा दाखला आला. सीमेवर दोन फॉर्म भरावे लागतात: सुरक्षेसाठी एचएस-७ आणि धुरासाठी ईपीएचा ३५२०-१. दोन्हींत उत्तर 'हो' हवं. एकात हो आणि दुसऱ्यात नाही, तर गाडी आत येत नाही.

मग अमेरिकेतल्या रस्त्यांवर मेक्सिकन नंबरप्लेट कशा दिसतात?

हा प्रश्न मित्राने लगेच विचारला, आणि बरोबरच विचारला. सॅन डिएगो आणि तिहुआनाच्या मधला सॅन इसिद्रो नाका जगातल्या सर्वांत गजबजलेल्या सीमानाक्यांपैकी आहे. रोज हजारो गाड्या तिकडून इकडे येतात.

उत्तर एचएस-७ फॉर्मवरच्या एका खान्यात आहे. जो माणूस अमेरिकेचा रहिवासी नाही, तो आपली परदेशी नोंदणीची गाडी स्वतःच्या वापरासाठी जास्तीत जास्त एक वर्ष आणू शकतो. अट दोन ओळींची: अमेरिकेत विकायची नाही, आणि मुदतीत परत न्यायची. म्हणजे तिहुआनात राहणारा माणूस शार्क घेऊन सॅन डिएगोत खरेदीला आला तर चालतं. सॅन डिएगोत राहणाऱ्या माझ्या मित्राने तोच ट्रक आणला तर चालत नाही. ट्रक तोच, रस्ता तोच. प्रश्न फक्त तुमचं घर कुठे आहे हा.

मग त्याने अस्सल देशी जुगाड काढला: "ऑफिसात तिहुआनाहून येणारा एक जण आहे. त्याच्या नावावर घेतो, वापरतो मी."

हे मात्र अजिबात करू नका. ती सूट त्या परदेशी माणसाच्या स्वतःच्या वापरासाठी आहे. तुमच्या पार्किंगमध्ये रोज उभा राहणारा ट्रक त्यात बसत नाही, आणि फॉर्मवर खोटं लिहिणं हा तिथे फेडरल गुन्हा आहे. आपली मुलं तिथे बहुतेक व्हिसावर असतात. ४५ लाखांचा ट्रक गेला तर दुःख होईल. कस्टमच्या खोट्या फॉर्मवर तुमचं नाव लागलं तर पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात ते सोबत येईल. मित्राला मी हेच सांगितलं, आणि त्याने तो विचार सोडून दिला.

जप्ती ही नुसती धमकी नाही. २०१३ मध्ये अमेरिकन कस्टमने नियमबाह्य आणलेली एक लँड रोव्हर डिफेंडर जप्त करून चक्क चेचून टाकली आणि त्याचा व्हिडिओ प्रसिद्ध केला. ती गाडी जुनी आहे असं भासवण्यासाठी तिचा ओळख क्रमांक बदललेला होता.

कायदेशीर वाटा किती आहेत?

आहेत, पण मोजक्या.

*नोंदणीकृत आयातदार.* मानकात न बसणारी गाडी बदल करून बसवून द्यायचा परवाना असलेल्या काही कंपन्या असतात. पण त्याआधी ते मॉडेल 'आयातीस पात्र' ठरावं लागतं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या एखाद्या गाडीशी ते जवळजवळ सारखं असेल तर सोपं. शार्कला तिथे जुळं भावंड नाही. मग ते मानकात बसवता येतं हे चाचण्यांनिशी सिद्ध करा, म्हणजे गाड्या आपटा. शिवाय गाडीच्या मूल्याच्या दीडपट बाँड द्यावा लागतो. एका ट्रकसाठी हे कोणी करत नाही.

*'शो ऑर डिस्प्ले'.* तांत्रिक किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या दुर्मीळ गाड्यांसाठी. वर्षाला २,५०० मैलांची मर्यादा. मेक्सिकोत शोरूममध्ये मिळणारा पिकअप यात बसणार नाही.

*कंपन्यांची चाचणी सूट.* फोर्डचे सीईओ जिम फार्ली यांनी २०२४ मध्ये एका पॉडकास्टमध्ये सांगितलं, की शाओमीची एसयू७ त्यांनी शांघायहून शिकागोला विमानाने आणली, सहा महिने चालवली आणि आता ती सोडवत नाही. शाओमी म्हणजे तीच, तुमच्या हातातल्या फोनवाली. वाहन उत्पादकांना संशोधन आणि चाचणीसाठी गाड्या आणायची वेगळी सोय आहे. तुम्हाआम्हाला नाही.

*पंचवीस वर्षं थांबणं.* १९८८च्या कायद्यानंतरचा हा प्रसिद्ध नियम. गाडी बनून २५ वर्षं झाली की सुरक्षा मानकांची अट सुटते. धुराच्या बाबतीत, गाडी मूळ अवस्थेत असेल तर २१ वर्षांनी. जपानी निसान स्कायलाइनचे चाहते याच दिवसाची वाट बघतात. म्हणजे मे २०२४ मध्ये बनलेला शार्क मे २०४९ मध्ये आणता येईल. तेव्हासुद्धा राज्याने नंबरप्लेट दिली पाहिजे. जपानचे चिमुकले केई ट्रक २५ वर्षं पूर्ण करून केंद्राच्या नियमात बसले, तरी काही राज्यांनी त्यांची नोंदणी नाकारली.

इथून पुढे माझं क्षेत्र

समजा थांबलात. २०४९ उजाडलं. कागद सगळे हिरवे. ट्रक चालेल का?

२५ वर्षांचा नियम बनला तेव्हा गाडी म्हणजे लोखंड, रबर आणि तारा. गोठ्यात झाकून ठेवलेली जीप पंचवीस वर्षांनी काढली, बॅटरी बदलली, कार्ब्युरेटर साफ केला की सुरू. ती स्वतःत पूर्ण होती. आजची गाडी तशी नाही. तिचा एक भाग तुमच्या अंगणात असतो आणि दुसरा कंपनीच्या सर्व्हरवर.

बहुतेक नव्या गाड्यांत टेलिमॅटिक्स युनिट असतं. त्यात काय काय असतं बघा:

१. मोडेम आणि ई-सिम. हे सिम ज्या देशात गाडी विकली तिथल्या ऑपरेटरशी ठरवून टाकलेलं असतं. सीमा ओलांडली की रोमिंग. प्रवासापुरतं रोमिंग ठीक, पण कायम रोमिंगवर राहिलेलं सिम अनेक ऑपरेटर बंद करतात. मोडेम कुठले बँड पकडतो हाही प्रश्न आहेच. दुसऱ्या देशाचा फोन आणल्यावर एखादा बँड न मिळाल्याचा अनुभव तुमच्यापैकी कोणाला तरी असेल. फोनमधलं सिम आपण बदलतो. गाडीतलं ई-सिम बोर्डवर सोल्डर केलेलं असतं आणि त्याची किल्ली कंपनीकडे असते.

२. सर्टिफिकेट. गाडी सर्व्हरशी बोलते तेव्हा दोघं एकमेकांना डिजिटल ओळखपत्र दाखवतात. बँकेच्या ॲपमागे जे असतं तसंच. या ओळखपत्रांना मुदत असते. नवं यायचं तर गाडीला सर्व्हरपर्यंत पोचावं लागतं. पोचली नाही तर मुदत संपते आणि सर्व्हर तिला ओळख दाखवत नाही.

३. देशाचा कोड. प्रत्येक गाडीला १७ अक्षरी ओळख क्रमांक असतो. त्यावरून सर्व्हर ठरवतो की ही कुठल्या बाजारातली गाडी आहे, हिला कुठला नकाशा, कुठली भाषा, कुठलं अपडेट द्यायचं. ज्या देशात कंपनी विकतच नाही, तिथल्यासाठी अपडेट बनवून तपासायला कोणाचीही टीम बसलेली नसते.

४. ॲप. चार्जिंग किती झालं, एसी आधी चालू कर, दार लॉक कर, हे सगळं फोनवरून. ॲपचं खातं देशाला बांधलेलं.

आता म्हणाल, इंटरनेट नसलं तर नसलं, चाकं तर फिरतील? आज फिरतील. पण हायब्रिडमध्ये इंजिन, दोन मोटर आणि बॅटरी यांच्यात कधी कोणी किती काम करायचं हे सॉफ्टवेअर ठरवतं. बॅटरीत दोष सापडला तर दुरुस्ती बऱ्याचदा अपडेटनेच येते. तुमच्या ट्रकला ते अपडेट येणार नाही, आणि दोष आहे हे कळवणारं पत्रही येणार नाही. बंपर मोडला तर पार्ट नाही, एरर कोड वाचायला मेकॅनिककडे कंपनीचं टूल नाही. चार्जिंगच्या पिनेचाही घोळ आहे: चीनचं मानक जीबी/टी, युरोप आणि भारताचं सीसीएस२, अमेरिकेचं सीसीएस१ आणि टेस्लाचं एनएसीएस.

नेटवर्क बंद पडल्यावर काय होतं हे अमेरिकेने बघितलंय. २०२२ मध्ये तिथे ३जी बंद झालं, तेव्हा बऱ्याच गाड्यांमधली आपत्कालीन कॉलची आणि ॲपची सोय गेली. त्या गाड्या त्याच देशात विकलेल्या, कंपन्या समोर उभ्या. तरी सोय गेली. २०४९ मध्ये आजच्या ४जी मोडेमचं काय होईल, तुम्हीच ठरवा.

आता कायद्यानेही सॉफ्टवेअर बघायला सुरुवात केलीय

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य विभागाने 'कनेक्टेड' गाड्यांसाठी नियम जाहीर केला. चीन किंवा रशियाशी संबंध असलेल्या कंपनीचं, गाडीला बाहेरच्या जगाशी जोडणारं किंवा तिला आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर मॉडेल वर्ष २०२७ पासून बंद. जोडणी करणारं हार्डवेअर २०३० पासून. आणि चिनी मालकीच्या कंपनीने अशी गाडी अमेरिकेतच कारखाना टाकून बनवली, तरी विकायला बंदी.

कारण काय दिलं? कॅमेरे, मायक्रोफोन, जीपीएस. गाडी कुठे जाते, आत काय बोललं जातं, रस्त्याकडेला काय दिसतं, हे सगळं ती जमवू शकते, आणि दूरवरून तिला आज्ञाही देता येते. या भीतीत राजकारण किती आणि तंत्रज्ञान किती यावर वाद आहे. पण क्षमता खरी आहे. अपडेट पाठवता येतं त्याच वाटेने दुसरंही काही पाठवता येतं. चीननेही २०२१ मध्ये आपल्या लष्करी ठिकाणी टेस्लाला मज्जाव केल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्याच कॅमेऱ्यांमुळे. दोन्ही देश एकमेकांच्या गाड्यांना एकाच कारणाने घाबरतात.

हा नियम मुख्यतः विकणाऱ्या आणि आयात करून विकणाऱ्या कंपन्यांना लागू होतो, एका हौशी मालकाला नाही. पण परिणाम त्याच्यापर्यंत पोचतोच. कंपनी त्या देशात येणारच नसेल तर सर्व्हिस सेंटर, पार्ट, अपडेट, काहीच येणार नाही.

आपल्याला याचं काय?

शार्क ऑस्ट्रेलियात 'शार्क ६' नावाने उजव्या हाताच्या स्टिअरिंगसह मिळतो. मेलबर्नला राहणारं एखादं मराठी कुटुंब उद्या परतताना म्हणेल, सोबत आणू का? आपलेही नियम आहेत. जुनी गाडी आणायची तर तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि ती मुंबई बंदरातूनच यायला हवी. मेक्सिकोतला डावखुरा शार्क तर स्टिअरिंगच्या अटीवरच बाद. आणि सर्व्हरचा प्रश्न इथेही तसाच उभा.

हे फक्त गाड्यांपुरतंही नाही. फेब्रुवारी २०२२ पासून भारतात परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला, संशोधनासारखे काही अपवाद सोडता, बंदी आहे. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र ट्रेकर लोक जगभर वापरतात. भारतात ते विनापरवाना जवळ बाळगता येत नाही, आणि गोव्याच्या विमानतळावर त्यावरून परदेशी पर्यटक अडचणीत आलेले आहेत. यंत्र तेच असतं. सीमा ओलांडली की त्याचा अर्थ बदलतो.

म्हणून बाहेरून कुठलीही 'स्मार्ट' वस्तू आणण्याआधी, फोन असो, स्कूटर असो नाहीतर ट्रक, हे सहा प्रश्न विचारा:

१. वस्तू बनली कुठे? विकत कुठे घेतली याने कराचं गणित ठरत नाही.
२. माझ्या देशाचं मानकाचं लेबल तिच्यावर आधीपासून आहे का? नंतर लावता येत नाही.
३. सूट मिळणार असेल तर ती वस्तूला आहे की माणसाला? पर्यटकाची सूट रहिवाशाला चालत नाही.
४. तिचं सिम, ॲप आणि खातं कुठल्या देशाला बांधलेलं आहे?
५. कंपनी माझ्या देशात ही वस्तू विकते का? नसेल तर अपडेट, पार्ट आणि रिकॉल नोटीस मला मिळणार नाही, हे धरून चाला.
६. इंटरनेट कायमचं गेलं तर तिचा कुठला भाग चालू राहील?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं कस्टमच्या वेबसाइटवर सापडतात. शेवटच्या तिघांची दुकानदारालाही बहुधा माहीत नसतात, कंपनीच्या सपोर्टला ईमेल करून लेखी मागा. 'आमच्याकडे तुमच्या देशासाठी सपोर्ट नाही' एवढी एक ओळ आली, तरी बुकिंगचे पैसे भरण्याआधी ती हातात आलेली बरी.